मंद वाणी आणि जुळलेली तार

वाचावयाचा शास्त्रभाग : १ राजे, अध्याय १९, ओव्या १ ते १८



एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून उतरलेला अग्नी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. सर्व लोक त्या वेळी पालथे पडले होते. तथापि त्यानंतर लवकरच हाच थोर पुरुष रानात एका झुडपाखाली बसून मरण मागताना आपल्याला दिसतो. राणी ईजबेल हिच्या एका निरोपाने त्याचे धैर्य खचले. देवदूताने त्यास भाकर व पाणी देऊन उठविले, आणि चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावरील एका गुहेत येऊन राहिला. तेथे त्याच्यापुढून प्रथम असा प्रचंड वारा गेला की खडक फुटले. मग भूमिकंप झाला. मग अग्नी आला. शास्त्र म्हणते की या तिहींतही परमेश्वर नव्हता. अग्नीनंतर एक अगदी हळू व कोमल वाणी झाली. ती कानी पडताच एलीयाने आपल्या झग्याने तोंड झाकले आणि तो गुहेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

वारा, भूमिकंप व अग्नी ही तीनही सृष्टीतील महाबळे होत. ती देवानेच निर्माण केली आहेत आणि त्याच्याच आज्ञेत वागतात, म्हणून त्यांस तुच्छ लेखू नये. परंतु विचार करा, खडक फोडणाऱ्या वाऱ्याने एलीयाचे खचलेले मन उभे केले नाही. ते काम मंद वाणीने केले. जे मोठ्या बळाने झाले नाही ते लहानशा स्वराने कसे झाले? या प्रश्नाचा विचार आज आपण सृष्टीतील काही उदाहरणांवरून करू. सृष्टी हेही देवाचे एक पुस्तक आहे, आणि ते वाचावयास शेतकऱ्याला व मजुराला पाठशाळेत जावे लागत नाही.

पहिली गोष्ट ही की, बळ आपले नव्हे.

खळ्यावर मळणी झाली म्हणजे दाणा व भूस एकत्र पडलेली असतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी मळणीयंत्रे आली आहेत, तरी धान्य थोडे असले म्हणजे घरची बाई अजून सूप घेऊन वाऱ्यावर उभी राहतेच. ती काय करते ते पाहा. वारा पडलेला असेल तर ती थांबते, कारण कितीही बळ लावून फुंकले तरी पोतेभर धान्य उफणून होणार नाही हे तिला ठाऊक असते. वारा सुटला म्हणजे ती प्रथम त्याची दिशा पाहते, तिवईवर उंच उभी राहते, सूप डोक्याइतके वर धरते आणि धान्य हळूहळू सोडते. एकदम ओतले तर भूस दाण्याबरोबर खाली येते. दाणा जड म्हणून सरळ पायाशी पडतो आणि भूस हलके म्हणून वारा ते दूर नेतो. या सर्व कामात तिने वारा उत्पन्न केला नाही. तिने फक्त त्याची वाट पाहिली, त्याची दिशा ओळखली आणि आपले सूप योग्य जागी धरले. एवढे तिने केले नसते तर वारा वाहूनही धान्य तसेच राहिले असते.

मोठमोठे कारखानेही याच रीतीने चालतात. १९१५ साली खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत सह्याद्रीवरचा पाऊस साठवून ते पाणी नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरविले गेले, त्याच्या जोराने चक्रे फिरली, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. हजारो वर्षे तोच पाऊस त्याच डोंगरावर पडत होता आणि तेच पाणी घाट उतरून समुद्रास मिळत होते. मनुष्याने पाण्याचा एक थेंबही निर्माण केला नाही. पाणी कसे वाहते याचा नियम त्याने जाणला आणि त्या नियमाच्या विरुद्ध न जाता त्याला वाट करून दिली.

प्रभू येशूने रात्री आलेल्या निकदेमाला पवित्र आत्म्याविषयी शिकविताना वाऱ्याचाच दाखला दिला. मूळ ग्रीक भाषेत वारा व आत्मा या दोहोंस न्यूमा हा एकच शब्द आहे. वारा कोठून आला व कोठे जाणार हे आपण ठरवीत नाही, परंतु त्याचा आवाज आपण ऐकतो. आत्म्याचे कार्यही तसेच आहे. प्रियहो, मंडळीत जिवंतपणा दिसत नाही म्हणून आपण पुष्कळदा फुंकर मारीत बसतो. मोठा मांडव घालतो, आवाज चढवितो, दमून जातो, आणि मग देवावर रुसतो. त्या बाईचे शहाणपण आपण शिकावे. वाट पाहावी, दिशा ओळखावी, आणि वारा सुटेल तेव्हा आपले सूप हाती तयार असावे.

दुसरी गोष्ट ही की, लहान बळ वेळेवर व पुनःपुन्हा दिले तर मोठे काम करते.

श्रावणात झाडाला झोके बांधतात. झोक्याची दोरी सुमारे ३ मीटर लांब असेल तर त्याला एकदा जाऊन परत यावयास सुमारे साडेतीन सेकंद लागतात. त्यावर लहान मूल बसो की मोठा माणूस, या वेळेत फारसा फरक पडत नाही. ती वेळ दोरीच्या लांबीने ठरलेली आहे. आता एखादी सात वर्षांची मुलगी आपल्या मोठ्या भावाला झोका देते. तिच्या अंगी बळ ते किती? पण झोका मागे येऊन परत फिरू लागला की त्या क्षणी ती हलकेच ढकलते. पुढच्या खेपेस पुन्हा तितकेच. प्रत्येक वेळचे थोडेसे बळ आधीच्या बळात साठत जाते, आणि थोड्या वेळाने तो मोठा भाऊ फांदीपर्यंत जातो. याउलट एखाद्या पहिलवानाने झोका अंगावर येत असताना अवेळी रेटला तर झोका थांबेल, आणि कदाचित बसलेला खालीही पडेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुलीने ढकलणे सोडले तर झोका त्याच क्षणी थांबत नाही, पण हळूहळू कमी कमी होत अखेरीस थांबतोच. साठलेले बळ वारा व दोरी खाऊन टाकतात.

एका खेड्यात सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूने मला असे विचारले आहे : “माझ्या बुधवारच्या प्रार्थनेस तीनच घरची माणसे येतात. शेजारच्या गावी कोणी तरी मोठे ध्वनिक्षेपक लावून सभा भरवितो आणि शेकडो लोक जमतात. माझ्या या तीन घरांच्या प्रार्थनेत काही शक्ती आहे काय?”

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. वाटेने पायी जाणाऱ्या, चिमणीच्या आकाराची मंडळी सांभाळणाऱ्या प्रत्येक सेवकाच्या मनात तो केव्हा ना केव्हा येतो. माझे उत्तर असे आहे. बंधो, तू दर बुधवारी ठरलेल्या वेळी जातोस की नाही? पावसात जातोस, सुगीत जातोस, एकच म्हातारी आली तरी तिच्याबरोबर गुडघे टेकतोस की नाही? मग तू झोका देत आहेस. एका धक्क्याने तो किती हलला हे मोजू नको. शेकडो लोकांच्या सभेचा मी द्वेष करीत नाही. तेथेही देवाचे वचन निघत असेल तर प्रभूची स्तुती असो. पण एकदाच जोराने रेटून निघून गेलेल्या हाताने झोका चढत नाही. तुझ्या लोकांच्या जीवनाची दोरी किती लांब आहे, त्यांचे मन केव्हा मागे येते व केव्हा पुढे जावयास वळते, हे त्यांच्यामध्ये राहणाऱ्यालाच कळते. घरात मृत्यू झाला, पोरगे परीक्षेत नापास झाले, विहिरीचे पाणी आटले, तेव्हा मन वळणाच्या जागी असते. त्या वेळचा एक शब्द वर्षभराच्या शंभर शब्दांइतका होतो. परंतु जो वर्षभर तेथे नसतो, त्याला ती वेळ सापडत नाही.

तिसरी गोष्ट ही की, तार जुळलेली असली पाहिजे.

सतारीमध्ये वाजविण्याच्या तारांखाली आणखी बारीक तारा असतात. त्यांस तरफेच्या तारा म्हणतात. वाजविताना बोट त्यांस सहसा लागत नाही. तरीही वरची तार छेडली की ज्या तरफेचा सूर तिच्याशी मिळालेला असतो ती आपोआप गाऊ लागते. दोन तंबोरे एका सुरात लावून जवळजवळ ठेवावेत, एकाच्या तारेवर कागदाचा बारीक तुकडा अडकवावा आणि दुसऱ्याची तीच तार छेडावी. न शिवलेल्या तारेवरचा कागद थरथरतो, कधी उडूनही पडतो. तार किंचित उतरविली की कितीही जोराने छेडा, कागद हलत नाही. यास विद्वान लोक अनुनाद म्हणतात. प्रत्येक वस्तूला कंप पावण्याची आपली स्वतःची गती असते, आणि बाहेरून नेमकी तीच गती आली म्हणजे ती वस्तू थोड्या बळानेही जागी होते.

होरेबावर घडले ते असेच. वारा मोठा होता, पण एलीयाच्या हृदयाची तार त्या सुराची नव्हती. मंद वाणी तिच्या सुराची होती, कारण तो अनेक वर्षे त्या वाणीबरोबर चालला होता. करीथ ओढ्याजवळ कावळ्यांनी आणलेली भाकर खाताना, सारफथच्या विधवेच्या घरी मूठभर पिठावर दिवस काढताना, त्याची तार लावली जात होती. कर्मेलावरची सभा एका दिवसाची होती, पण तार लावण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते.

ही तार लागते कशी? तबला वाजविणारे बंधू आपल्या भजनमंडळांत पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. साधे कातडे ताणून त्यावर थाप मारली तर जे अनेक स्वर निघतात ते एकमेकांशी मेळ खात नाहीत. म्हणून ढोल धडाडतो, पण त्यातून तबल्यासारखा स्पष्ट सूर निघत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध काळ्या शाईचे थर घोटून बसविलेले असतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली व त्यापुढेही याचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखविले की, या मधल्या भारामुळेच कातड्याचे विस्कळीत स्वर एकमेकांशी मेळात येतात. आपल्या देशाच्या जुन्या कारागिरांनी हे केवळ कानाने शोधून काढले होते. पाहा, मध्ये ठेवलेल्या काळ्या भारानेच कातड्याला सूर दिला. तो खरवडून काढला तर कातडे हलके होईल, पण त्याचा सूर जाईल.

पौल प्रेषिताला त्याच्या देहात एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली, आणि तो काढला गेला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या पदरी आजारी मूल आहे, कोणाचा नवरा दारूत बुडाला आहे, कोणाला बाप्तिस्मा घेतल्यापासून भावकीने दारात उभे केले नाही. हा भार चांगला आहे असे मी म्हणणार नाही. दुःखाला सुख म्हणणे हे खोटे सांत्वन होय. दारुड्याच्या घरी जाऊन त्याला बोध करणे व त्याच्या बायकामुलांस आसरा देणे हे मंडळीचे कर्तव्य आहे, त्यात कसूर होऊ नये. परंतु एवढे मी निश्चित म्हणतो की, कारागिराच्या हाती दिलेला भार वाया जात नाही. गावात ज्यांच्या प्रार्थनेने आपले मन हलते ती माणसे कोण आहेत ते आठवा. ती बहुधा अशीच भार वाहणारी असतात.

सूर जुळविण्याचे काम सुवार्ता सांगणारानेही केले पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला आणि १९१९ साली ते प्रभूकडे गेले. त्यांनी ख्रिस्ताचा महिमा अभंग, ओवी व कीर्तन यांतून गाइला. संदेश तोच होता, परंतु जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या लोकांच्या हृदयाची तार त्या चालींना लागलेली होती, म्हणून ती आपोआप वाजू लागली. उपदेशक बंधूंनो, आपल्या लोकांची बोली, त्यांची गाणी, त्यांची कामे तुच्छ मानू नका. जोराने बोलण्यापेक्षा जुळवून बोलणे अधिक दूर जाते.

येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. ऊर्जा, कंपन, अनुनाद हे शब्द आज पुष्कळांच्या तोंडी आहेत, आणि काही लोक त्यांचा बाजार मांडून बसले आहेत. अमुक शब्द अमुक वेळा उच्चारला की त्याच्या कंपनाने रोग जातो, अमुक तेलात वा पाण्यात शक्ती भरली आहे, असे ते सांगतात. कोणी ख्रिस्ताचे नाव घेऊनही असेच सांगतो, आणि यरीहोचा कोट शिंगांच्या नादाच्या अनुनादाने पडला असा दाखला देतो. प्रियहो, असल्या आधाराची आपल्या विश्वासाला गरज नाही. मनुष्य मोठ्याने बोलतो तेव्हा त्याच्या मुखातून निघणारी ध्वनिशक्ती एका वॅटच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असते. १० वॅटचा लहानसा दिवा जळावयाचा तर सुमारे १०,००० माणसांनी एकदम मोठ्याने बोलले पाहिजे. एवढ्याशा बळाने शहराचे कोट पडत नाहीत. इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते की यरीहोचा कोट विश्वासाने पडला, आणि विश्वास म्हणजे नादाची युक्ती नव्हे.

शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. प्रेषितांनी हात ठेवले असता लोकांस पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने ते सामर्थ्य विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले. पेत्राने त्याचा किती कडक निषेध केला हे प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात वाचा. शिमोनाची चूक हीच की, आत्मा हे एक बळ आहे आणि युक्ती कळली की ते आपल्या मुठीत येते असे त्यास वाटले. वारा, पाणी व वीज ही बळे आहेत, त्यांचे नियम जाणून आपण त्यांचा उपयोग करतो. पवित्र आत्मा हा जिवंत प्रभू आहे. त्याचा उपयोग आपण करीत नसतो. तोच आपला उपयोग करतो. प्रार्थना म्हणजे देवाला आपल्या सुरावर आणणे नव्हे, तर आपली उतरलेली तार त्याच्या सुरावर चढविणे होय.

म्हणून कोणी सांगितले की प्रार्थना केली आहे, आता क्षयाच्या गोळ्या सोडा, मधुमेहाचे इन्शुलिन बंद करा, तर त्याचे ऐकू नका. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग पुन्हा उलटू शकतो, औषधालाही दाद देईनासा होऊ शकतो, आणि घरातील इतरांसही लागतो. हिज्किया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची चकती बांधावयास लावलीच. औषधाचा गुणही देवानेच ठेवलेला आहे. त्याच्या नियमांस लाथ मारणे म्हणजे विश्वास नव्हे.

चौथी गोष्ट ही की, आपण कोणाच्या पावलाशी पाऊल मिळवितो ते तपासावे.

अनुनादाने जसे चढते तसे मोडतेही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्राउटन येथे लोखंडी साखळ्यांचा एक झुलता पूल होता. १२ एप्रिल १८३१ रोजी ७४ शिपायांची एक तुकडी त्यावरून परत चालली होती. त्यांच्या पावलांबरोबर पूल हलू लागला. शिपायांस त्याची मौज वाटली. कोणी शीळ घालून कूच करण्याची चाल धरली, आणि सर्व जण मुद्दाम त्या तालावर पावले आपटू लागले. एकाएकी मोठा आवाज होऊन पुलाचे एक टोक कोसळले आणि सुमारे ४० जण नदीत पडले. पाणी उथळ असल्यामुळे कोणी मेले नाही, पण सुमारे २० जण जखमी झाले. तेव्हापासून त्या सैन्यात पुलावर पाऊल मोडून चालण्याची आज्ञा झाली. मागाहून पाहता असे आढळले की पुलाचा एक खिळा आधीच सदोष होता.

फ्रान्सात आंजे शहरी १८५० साली घडले ते याहून भयंकर होते. तेथे शिपायांस एका तालात न चालण्याची आज्ञा होती. पण वादळी वाऱ्याने पूल झुलत होता, आणि तोल सांभाळण्यासाठी जो तो त्या झोक्याबरोबर अंग टाकू लागला. अशा रीतीने कोणी न सांगता, कोणाच्या मनात नसता, सर्वांचे पाऊल एक झाले आणि पुलाचा झोका वाढला. दगडी बांधकामाच्या आत लोखंडी तारांचे दोर गंजलेले होते, ते बाहेरून दिसत नव्हते. पूल कोसळला आणि २०० हून अधिक माणसे प्राणास मुकली.

बंधुजनहो, आपल्या मंडळ्यांत असे पूल किती वेळा मोडले! दफनभूमीच्या तुकड्यावरून दोन घरांत शब्द होतो. तिसरा मौज म्हणून तो पुढे सांगतो. चौथा हातातल्या मोबाइलवर तोच मजकूर दहा जणांस धाडतो. पाचव्याच्या मनात काही नसते, पण सगळे इकडे झुकले म्हणून तोल राखण्यासाठी तोही झुकतो. मग एके दिवशी मंडळी दुभंगते, आणि जो तो म्हणतो, “मी तर काहीच केले नाही.” आंजेच्या शिपायांसही तसेच म्हणता आले असते. गावात एखाद्या दुबळ्या घरावर बहिष्कार पडतो, परजातीच्या वा परधर्माच्या शेजाऱ्याविरुद्ध जमाव उठतो, तोही याच रीतीने. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबापणजोबांनी तो जमाव दाराबाहेर उभा असलेला पाहिला आहे. आता आपण त्या जमावात पाऊल मिळवावे काय? निंदेचा ताल कानी आला की आपले पाऊल मोडावे. ऐकलेली गोष्ट एक रात्र पोटात ठेवावी. ज्याच्याविषयी ती आहे त्याच्याकडे आधी जावे, असे प्रभूनेच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात शिकविले आहे. आणि शांततेच्या दिवसांत मंडळीने आपले गंजलेले दोरही तपासावे. जुना राग, न दिलेला हिशेब, न मागितलेली क्षमा हाच तो गंज होय.

मग एकोपा वाईट काय? नव्हे. १६६५ साली क्रिस्टियान हायगेन्स नावाचे डच विद्वान आजारी होऊन अंथरुणावर पडले असता त्यांनी पाहिले की, एकाच तुळईला टांगलेली त्यांची दोन लंबकाची घड्याळे एकमेकांशी ताल राखीत आहेत. ताल बिघडविला तरी अर्ध्या तासात ती पुन्हा मेळावर येत. तुळई डोळ्यांस न दिसण्याइतकी हलून एकाचे स्पंदन दुसऱ्यास पोचवीत होती. यात मौज ही की, एकाचा लंबक उजवीकडे जाई तेव्हा दुसऱ्याचा डावीकडे जाई. दोघांची दिशा भिन्न होती, तरी मेळ पुरा होता. मंडळीतही सर्वांचा स्वभाव, मत व काम एक असावे असे नाही. कोणी गातो, कोणी हिशेब ठेवतो, कोणी आजाऱ्यापाशी बसतो. दोघेही एकाच तुळईला टांगलेले असावेत, म्हणजे पुरे. ती तुळई ख्रिस्ताचा वधस्तंभ होय. त्यावरून सुटलेले घड्याळ कितीही मोलाचे असो, ते एकटेच चालते आणि एकटेच चुकते.

शेवटी होरेबाकडे एकदा पाहा. एलीयाने देवापाशी तक्रार केली होती की विश्वासू असा मी एकटाच उरलो आहे. मंद वाणीने त्याला रागे भरले नाही. तिने त्याला कामे दिली : परत जा, अमक्याला अभिषेक कर, अलीशाला बरोबर घे. आणि मग सांगितले की बालापुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक इस्राएलात अजून आहेत. एलीयाला त्यांपैकी बहुतेकांची नावेही ठाऊक नसतील. ती तरफेच्या तारांसारखी होती, वरून दिसत नव्हती, पण सुराला लागलेली होती. तुमच्या खेड्यातील दिव्याभोवती तीनच माणसे बसतात, तेव्हा तो सूर कोणकोणत्या तारा हालवितो हे तुम्हांला दिसत नाही. देवाला ते दिसते. म्हणून तार लावून ठेवा, सूप हाती ठेवा, आणि येत्या बुधवारी ठरलेल्या वेळी जा.

प्रार्थना : हे परमेश्वरा, वारा व पाणी तुझ्या आज्ञेत चालतात, आमची मनेही तशीच चालोत. आमची उतरलेली तार तुझ्या हाताने चढीव. आमच्यावरील भारातून तुला आवडेल तो सूर काढ. निंदेच्या तालावर पडणारे आमचे पाऊल मोड, आणि ज्यांना वाटते की आपण एकटेच उरलो आहो, त्यांच्या कानी आज तुझी मंद वाणी पडू दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नामात हे मागतो. आमेन.